मुंगळ्यांच्या तक्रारीबद्दल आमचं उत्तर

नमस्कार काका,

एक स्टार दिलात, तो वाचला. "४,५०० रुपये घेतले, वाळवीचंच औषध मारून गेले, गणपतीला घर उघडलं तर माजघरात मुंगळ्यांची रांग, आणि फोन उचलत नाहीत," असं लिहिलंत. रांग खरी आहे, आणि त्यात आमचीही चूक आहे.

मी वाशांवर गोड जेलचे ठिपके लावले होते. मुंगळे ते चाटतात, वारुळात जाऊन राणीला-पिल्लांना भरवतात. म्हणून ते औषध मुद्दाम सावकाश मारणारं असतं. दुसऱ्या दिवशी रांग दिसली म्हणून आमच्या मुलाने त्याच वाशांवर पंप मारला. समोरचे मेले, बाकीच्यांनी वाट बदलली, जेल तशीच सुकली. त्याला आधी बजावायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

पण वाळवीचं औषध? नाही हो. वाळवी लाकूड खाते, मातीच्या नळ्या करत जमिनीतून चढते; तिच्यासाठी पायाशी भोकं पाडावी लागतात. मुंगळा लाकूड खात नाही. ओलं, कुजकं लाकूड पोखरून आत राहतो आणि भुसा बाहेर ढकलतो. मागच्या पडवीत तुळईखाली पडलेला भुसा मी तुमच्या पुतण्याला तळहातावर दाखवला, त्यात मेलेल्या मुंगळ्यांची डोकी आणि पाय होते. तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. वर दोन कौलं सरकलेली, आणि आपल्या रत्नागिरीत पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. शेजारच्या फणसाची फांदी वळचणीला टेकलेली, तिच्यावरून त्यांची रात्रभर ये-जा. राणी बहुतेक फणसाच्या ढोलीतच असेल, तुळईत नुसते पोटभाडेकरू. (खांब मात्र ठणठणीत आहेत, जुन्या माणसांनी लाकूड पारखून घेतलंय.)

कौलं बसवा, फांदी तोडा, तुळईचं कुजलेलं टोक बदला, असं पावतीच्या मागे लिहून दिलं होतं. बंद घर, तुम्ही मुंबईत, सुतार वेळेवर मिळत नाही, हे मला कळतं. पण ओल तशीच राहिली तर मी कितीही फेऱ्या मारल्या तरी मुंगळे येणारच.

चतुर्थीच्या आठवड्यात फोन उचलला नाही, त्याची माफी मागतो. सुतार तुळई उघडेल त्या दिवशी मला बोलवा. पोकळीत औषध घालतो, जेल नव्याने लावतो, पैसे नकोत. तोवर दुकानातला स्प्रेसुद्धा मारू नका.