रोबो आहे ना तिथे!

आमच्या चौघांत वाद पेटला तो पारो नावाच्या रोबोवरून. जपानमध्ये बनलेला हा रोबो म्हणजे सीलचं पांढरं, केसाळ पिल्लू. कुरवाळलं की प्रतिसाद देतं, आवाजाच्या दिशेला मान वळवतं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मांडीवर ते ठेवतात आणि त्यातले काही शांत होतात.

"ही शुद्ध फसवणूक आहे," मास्तर म्हणाले. "आत कुणी नाही, आणि म्हातारीला वाटतंय कुणीतरी आहे."

"तिला बरं वाटतंय ना? मग आत कोण आहे याची उठाठेव कशाला?" वकील उसळला. "संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ट्युरिंगनं १९५० मध्येच यंत्र विचार करतं का, हा प्रश्न बाजूला ठेवला. संभाषणात ते माणसासारखं वागतं का, एवढंच बघू म्हणाला."

मला एलायझा आठवली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉमनं हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम मांडला. तुमचंच वाक्य फिरवून तो तुम्हाला प्रश्न विचारायचा, बाकी त्यात काही नव्हतं. वायझेनबॉमची सेक्रेटरी ते काम डोळ्यांसमोर होताना बघत होती. तरी एलायझाशी बोलायला बसल्यावर तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! मग मास्तर, तिला कुणी फसवलं? सगळं ठाऊक असूनही माणूस जीव लावतो. वायझेनबॉम मात्र यानं हादरला. यंत्राला जमतं म्हणून प्रत्येक काम त्याच्याकडे सोपवू नये, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

सिस्टर इतका वेळ गप्प होती. "रात्रपाळीला एक आजोबा सारखं विचारायचे, मुलगा आला का? मी वैतागायचे, तरी जाऊन बसायचे शेजारी. रोबो वैतागणार नाही, हे खरंय. पण मुलाला फोन करावा, हे त्याला सुचेल?"

"तेही शिकवता येईल," वकील म्हणाला.

"येईल ना. आणि मुलगा म्हणेल, रोबो आहे ना तिथे!"

मला हेच पटतं. रोबोला भावना आहेत की नाहीत यावर आपण तावातावानं भांडतो, आणि त्याच्या आडून आपली सुटका करून घेतो, ती कुणी तपासत नाही.

"आणि ज्याला मुलगाच नाही?" वकिलानं विचारलं. प्रश्न रास्त होता. मास्तरही अडले.

"त्याला रोबो जरूर द्या," सिस्टर म्हणाली. "पण तो आला म्हणून वॉर्डातली एक नर्स कमी केलीत, तर मी भांडणार."