‘ज्यांनी शेण काढलं नाही...’ या कॉमेंटला उत्तर

नमस्कार. गेलेल्या मालकाची स्टेशनवर वाट बघत राहिलेल्या कुत्र्याच्या ‘हाची’ सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “ज्यांनी जन्मात शेण काढलं नाही त्यांनाच कुत्र्याच्या पिक्चरला रडू येतं. पिल्लू स्टेशनवर सापडलं हे खोटं आहे. तो कुत्रा मालकासाठी नाही, खायला मिळायचं म्हणून यायचा. आणि इथं पोरांना कुत्री फाडतात त्यावर कधी लिहिणार?”

मतभेद चालतात हो, पण ही काय बोलायची पद्धत झाली? दोन दिवस थांबलो, म्हटलं राग गेला की लिहू, तो काय गेला नाही.

पिल्लाचं तुमचं बरोबर, ते मान्य. स्टेशनवर सापडतं ते २००९ च्या सिनेमात, मालकाचं काम करणाऱ्या रिचर्ड गेअरला. खरा हाची १९२४ मध्ये जपानच्या अकिता भागातून रेल्वेनं टोकियोला त्याच्या मालकाकडं, प्राध्यापक उएनोंकडं पाठवलेला. मी दोन्ही एकत्र केलं, चूक माझी.

आता शेण. आमचं गाव तासगाव तालुक्यात, घरी दोन म्हशी, एक गाय आणि पावणेदोन एकर द्राक्षबाग. सातवीपासून बारावीपर्यंत रोज पहाटे गोठा लोटून, शेणाच्या पाट्या उकिरड्यावर टाकून मग मी एसटी पकडायचो, हाताचा वास साबणानं जायचा नाही म्हणून वर्गात हात खिशात ठेवून बसायचो. ऑक्टोबर छाटणीनंतर ढग आले की डावणी रोगाच्या धास्तीनं आण्णा अंधारातच औषध मारायला निघायचे आणि पाईप ओढायला मी. कुणाला विचारताय तुम्ही शेणाचं? मला ओळखता का?

आणि तेव्हा आण्णांच्या एम८० गाडीच्या मागं पळत कोण यायचं, तर आमचा खंड्या. गावठीच, एक कान फाटलेला. बागेत गाडी स्टँडला लावली की तिच्या सावलीत, मागच्या चाकाला पाठ टेकून बसायचा, आण्णा किक मारेपर्यंत.

आण्णा गेले. चार महिन्यांनी कर्जाच्या हप्त्यासाठी गाडी विकली, सहा किलोमीटरवरच्या गावात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेणाऱ्यांचा फोन, “तुमचं कुत्रं हितं आलंय, गाडीखालनं हलंना झालंय.” जाऊन आणला. परत गेला. परत आणला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा मी आणायला गेलोच नाही, तिथंच राहू दिला, आणि ते मला आजही लागतं. त्या घरच्या वहिनी त्याला भाकरी घालायच्या, तो खायचा. मग काय, भाकरीसाठी गेलेला का तो? भाकरी आमच्या घरात नव्हती?

हाचीचं तेच आहे. प्राध्यापक २१ मे १९२५ ला गेले, कुत्र्याला त्यांचा सहवास जेमतेम दीड वर्ष. पेपरात मोठी बातमी आली १९३२ मध्ये, तिथून लोक त्याला प्रेमानं खाऊ घालायला लागले. त्याआधी टोकियोतल्या शिबुया स्टेशनवर त्याला हाकलायचे, मारायचे, तरी तो संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला यायचाच, ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत. त्याच्या पोटात कोंबडीचे तुकडे खोचून भाजायच्या चार काड्या सापडल्या हे मलाही माहितेय. दहा वर्षं जगायचं तर खाणारच की जीव!

सिनेमात एक गोष्ट आहे, जन्मात बॉल आणून न दिलेला कुत्रा त्या शेवटच्या सकाळी बॉल तोंडात धरून मालकाच्या मागं स्टेशनवर येतो. ते तुम्ही बघितलंय का? माझी खात्री आहे की नाही बघितलं, नाहीतर असं लिहिलंच नसतं.

मोकाट कुत्र्यांचं म्हणाल तर प्रश्न गंभीर आहे, पण तो या लेखाचा विषय नव्हता. त्यावर तुम्ही लिहा, मी वाचेन.

पिल्लाची ओळ आज दुरुस्त करतोय. बाकी लेखातला एक शब्द बदलणार नाही, आणि यापुढं कॉमेंट करताना समोरच्याच्या घरचा गोठा काढू नका.