सात तलाव, पाऊस एकच

काका, प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव लिहिलेलं नाही. पण 31 वर्षं मुंबई पालिकेच्या जल अभियंता खात्यात काढली असं सांगितलंत, म्हणून हक्काने काका म्हणते.

मुंबईच्या पाण्यासाठी होऊ घातलेल्या गारगाई धरणाला नको म्हणणाऱ्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही बरंच सुनावलंत. मुंबईला आजवर धरणांनीच जगवलं, समुद्राचं पाणी गोडं करणं हा पैसेवाल्या देशांचा खेळ, आणि नुसती गळती थांबवून कुठल्याही शहराची तहान भागत नाही. शेवटी विचारलंत, "पाऊस लांबला की काय झाडं पिणार का?" तुमचा राग मला पटतो. घरी बसून लिहिणाऱ्या माझ्यासारखीने धरणाला नको म्हणायचं आणि सकाळी नळ सोडायचा, हे तुम्हाला खुपणारच. म्हणून सविस्तर उत्तर देते.

पहिलं म्हणणं शंभर टक्के मान्य. विहार 1860 सालचा, तुळशी 1879, तानसा 1892, मोडकसागर 1957, मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. दर पिढीने पुढच्या पिढीचं पाणी आधी आणून ठेवलं. मोडकसागराला पालिकेच्याच अभियंत्याचं, मोडकांचं नाव आहे, याचा मला मुंबईकर म्हणून अभिमान वाटतो. 1994 मध्ये जलतज्ज्ञ माधवराव चितळ्यांच्या समितीने मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ हे धरण प्रकल्प सुचवले, तेव्हा ते बरोबरच होतं. तेव्हा पाऊस साधारण वेळ पाळायचा.

माझा मुद्दा तिथून सुरू होतो. सातही तलाव काठोकाठ भरले की उपयुक्त साठा 14,47,363 दशलक्ष लिटर होतो, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. रोजचा पुरवठा 3,950 दशलक्ष लिटर धरला तर भागाकार 366 दिवसांचा येतो. उन्हात उडून जाणारं पाणी वजा केलं तर वर्षही पुरतं भरत नाही. म्हणजे तलाव पूर्ण भरले तरी गाठीला काही उरत नाही. यंदाचं पाणी यंदाच संपतं. म्हणून तर 1 ऑक्टोबरला साठा किती यावर पुढच्या जूनपर्यंतचं गणित मांडावं लागतं.

आता हे सात तलाव आहेत कुठे ते पाहा. विहार आणि तुळशी शहरातच आहेत, पण ते छोटे. उरलेल्या पाचांपैकी ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर आणि तानसा हे चारही वैतरणेच्या खोऱ्यातले, कारण तानसा नदी शेवटी वैतरणेलाच मिळते. एकटा भातसा उल्हासच्या खोऱ्यातला, आणि जवळजवळ निम्मा साठा त्या एकट्यात. नावं सात असली तरी या पाचही मोठ्या तलावांवर पाऊस तोच पडतो, सह्याद्रीच्या त्याच उतारावर. शहापूर-इगतपुरीच्या पट्ट्यात ढग यायला उशीर झाला की हे पाचही तलाव एकाच वेळी तळाला जातात. 2024 मध्ये तसंच झालं. 30 मेपासून 5 टक्के पाणीकपात आली, 5 जूनपासून ती 10 टक्के झाली आणि जुलै संपत आल्यावर उठली.

मुंबईत पाऊस कमी होतोय असं मी म्हणत नाही. त्याचा भरवसा कमी होतोय. 2023 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 25 जूनला पोहोचला, 2025 मध्ये 26 मेला. दोन वर्षांच्या अंतराने एक महिन्याचा फरक! ज्या शहराचा साठा जेमतेम वर्षभराचा, त्याला हा महिना फार महाग पडतो.

गारगाई याच वैतरणेची उपनदी. तिचं पाणी बोगद्यातून मोडकसागरात येणार, रोज 440 दशलक्ष लिटर. पाऊस आठ-दहा दिवस लांबला तर तो जादा साठा नक्की कामी येईल, हे लेखात यायला हवं होतं, राहिलं. पण ज्या वर्षी पाऊस दगा देईल त्या वर्षी गारगाईही इतरांसारखीच रिकामी असेल. त्यासाठी तानसा अभयारण्यातली लाखो झाडं आणि ओगद्यासारखी आदिवासी गावं पाण्याखाली घालायची, हे माझ्या मनाला पटत नाही. धरणांच्या उशाला असलेल्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मग भरवसा कुठून आणायचा? लेखात ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं उदाहरण मी दिलं ते श्रीमंती मिरवायला नव्हे. 1970च्या दशकापासून तिथला हिवाळी पाऊस घटत गेला आणि धरणांत येणारं पाणी त्याहून कितीतरी वेगाने आटलं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने, 'वॉटर कॉर्पोरेशन'ने, 2006 मध्ये क्विनाना इथे समुद्राचं पाणी गोडं करायला सुरुवात केली, 2017 पासून सांडपाणी पूर्ण शुद्ध करून जमिनीत मुरवायला. आकाशाकडे डोळे लावावे लागणार नाहीत असे उगम त्यांनी धरणांच्या जोडीला उभे केले. मला एवढंच त्यातून घ्यायचं होतं.

खर्चाचं तुमचं म्हणणं खरं आहे. हजार लिटर खारं पाणी गोडं करायला तीन ते चार युनिट वीज लागते. मुंबईत मनोरीला होऊ घातलेल्या अशाच प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याच्या 200 दशलक्ष लिटरला रोज सहा ते आठ लाख युनिट. शिवाय उरलेलं जास्त खारट पाणी खाडीच्या तोंडाशी सोडलं तर मासळीचं काय, हा मनोरी-गोराईच्या कोळ्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून माझ्या यादीत मनोरी तिसरी. दुसरं सांडपाणी. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर इथली नवी सात केंद्रं मिळून रोज 2,464 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करतील. त्यातला मोठा वाटा कारखाने, बांधकामं आणि बागांना दिला तर तेवढं तलावांचं पाणी घरांना उरेल. हे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही.

आणि पहिली गळती. गेल्या वर्षी रात्री दीडला आमच्या गल्लीत दोन कर्मचारी आले. एकाने लोखंडी साउंडिंग रॉड रस्त्यावर टेकवला, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि आमच्या वॉचमनला हाताने गप्प केलं. दोन पावलं सरकायचं, पुन्हा कान लावायचा. पाऊण तासाने त्याने खडूने डांबरावर फुली मारली. सकाळी खोदलं तर बरोबर त्या फुलीखाली पाइपाचा सांधा सुटलेला. तुम्ही अशी माणसं घडवली असतील, काका. शहराचं जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचं पाणी गळती, चोरी आणि बेहिशेबात जातं. चोरीचं पाणीही कुणीतरी पितंच, त्यामुळे सगळं वाचणार नाही. पण त्यातलं एक तृतीयांश वाचलं तरी एक अख्खी गारगाई हाताशी येते, आणि बुडवायला एकही गाव लागत नाही. त्या रॉडवाल्यांची संख्या दुप्पट करा, जुने पाइप बदला, यासाठी तुमच्यासारख्यांनी बोलावं असं मला मनापासून वाटतं.

एक चूक तुम्ही दाखवलीत ती दुरुस्त केली आहे. भातसाचं पाणी धरणातून थेट नळाने येतं असं मी लिहिलं होतं. ते नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं आणि तिथून पंपाने उचलतात. म्हणजे आपल्या निम्म्या साठ्याचं पाणीही विजेशिवाय शहरात येत नाही. पिशाच्या पंपांवर तुम्ही काम केलं असेल, तर एका दिवसाच्या उपशाला किती वीज लागायची ते इथेच खाली लिहाल का? मनोरीच्या आकड्याशेजारी तो आकडा मला ठेवायचा आहे.