चुकीचा पासवर्ड टाकून बघा म्हणे!

गेल्या आठवड्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून मामांचा फोन आला. टॉवेलचा कारखाना आहे त्यांचा, बाहेरगावच्या ऑर्डरी सगळ्या ईमेलवर येतात. 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, 24 तासांत खात्री करा, नाहीतर खातं बंद होईल' असा मेल त्यांना आला होता. मामा काही भोळे नाहीत, सुताच्या दरावरून समोरच्याला घाम फोडतात. त्यांनी मेल तपासला. पण तपासला तो व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'खोटा ईमेल ओळखण्याच्या पाच खुणा' वाचून. पासवर्ड गेला.

"अरे, त्यात सांगितलंय तस्संच केलं की!"

तेच तर झालं ना मामा.

त्या मेसेजातली तिसरी खूण अशी: 'शंका आली तर आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका. खोटी साइट तोही घेईल. पासवर्ड चुकला असं आलं, तर साइट खरी.' बाकीच्या चार खुणा नुसत्या अर्धवट आहेत, ही मात्र माणसाला हाताला धरून खड्ड्यात नेते. यात तथ्य अजिबातच नाही असं नाही, हे नाइलाजानं मान्य करतो. ढिसाळपणे बनवलेलं बनावट पान काय टाकाल ते गिळतं. पण पहिल्या वेळी काहीही टाकलं तरी 'पासवर्ड चुकला' असंच दाखवायचं, एवढं पानाला शिकवायला चोराला कितीसा वेळ लागतो? मग माणूस चरफडत पुन्हा सावकाश टाइप करतो, नाहीतर आपला दुसरा एखादा पासवर्ड टाकून बघतो. चोराला दोन्ही मिळतात.

याहून पक्के चोर मध्यस्थ बसवतात. तुम्ही बनावट पानावर जे टाकता, ते त्याच क्षणी खऱ्या साइटकडे जातं आणि तिकडचं उत्तर तुम्हाला दिसतं. 'पासवर्ड चुकला' हे खऱ्या साइटनंच म्हटलेलं असतं, फक्त ते चोराच्या दारातून ऐकू येतं. मामांनी आधी एबीसीडी टाकलं, नकार आला, जीव भांड्यात पडला, आणि मग खरा पासवर्ड टाकला. त्यांच्या बाबतीत यातला कुठला प्रकार होता कुणास ठाऊक. परिणाम तोच.

पहिली खूण कुलपाची: 'पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की निर्धास्त राहा.' हे कुलूप गुगलनंच सप्टेंबर 2023 मध्ये संगणकावरच्या क्रोममधून काढून टाकलं, आणि कारणही जाहीर सांगितलं: फसवणुकीच्या जवळपास सगळ्या साइटही आता तीच सुरक्षित जोडणी वापरतात. त्यांनी 2021 मध्ये केलेल्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त 11 टक्के लोकांना कळला होता. वाटेत कुणी चोरून वाचणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे सावकार बसलाय की दरोडेखोर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि ते कुलूप दिसायला साइटला लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं.

'इंग्रजीत चुका असतात' ही दुसरी. पूर्वी असायच्या. आता यंत्राकडून लिहून घेतलेला मेल आपल्या वकिलाच्या नोटिशीपेक्षा शुद्ध येतो. 'पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं असेल तर चालेल' ही चौथी. नाव काय, मीही मुख्यमंत्री असं लावू शकतो.

पाचवी, 'ओटीपी दिला नाही तर काही होत नाही.' मामांच्या खात्याला ओटीपी लावलेलाच नव्हता, मग देणार कोणाला आणि मागणार कोण? तो आजच लावून घ्या. पण मघाच्या त्या मध्यस्थाच्या पानावर ओटीपी टाकलात, तर तोही पलीकडे जातो.

मग ओळखायचं कसं? मेलमधली लिंक दाबायचीच नाही, पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जायचं. मेलबॉक्स खरंच भरला असेल तर तिथं दिसेलच की. आणि पासवर्ड ब्राउझरमध्ये जपून ठेवलेला असेल आणि एखाद्या पानावर तो आपोआप भरला जात नसेल, तर थांबा. माणूस रंगरूपाला भुलतो, ते यंत्र फक्त पत्ता जुळवतं.

आम्ही त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं. तरी मला राहवेना म्हणून सेटिंगमध्ये शिरलो. तिथं 'इनव्हॉइस' शब्द असलेला प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर पाठवायचा नियम लावून ठेवलेला. पासवर्ड बदलून तो जात नाही, हातानं काढावा लागतो. नशीब, पैसे कुठं गेले नव्हते. गेले असते तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, बाकीचं नंतर.

मेसेजाच्या शेवटी 'किमान दहा जणांना पाठवा' असंही आहे. मामांनी ते मात्र चोख पाळलं होतं, कारखानदारांच्या अख्ख्या ग्रुपवर टाकून. आता 'तो मेसेज चुकीचा आहे, माझा पासवर्ड गेला' असं त्यांनी खाली लिहिलंय. एकानं अंगठा दाखवलाय. बाकीचे गप्प.