राजवाडे, मंडळ आणि बंड्याचं पावतीपुस्तक

बंड्याने ग्रुपवर इतिहासाचार्य राजवाड्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'असा माणूस पुन्हा होणे नाही.' झालं, संध्याकाळी कट्ट्यावर जुंपली.

आप्पा तापूनच आले. "होणे नाही तेच बरं! कायस्थ प्रभूंबद्दल काय काय लिहून ठेवलंय त्यांनी? प्रबोधनकारांनी १९१८ साली 'कोदंडाचा टणत्कार' काय हौस म्हणून लिहिला?"

"जाऊ द्या हो आप्पा, मोठी माणसं!" बंड्या म्हणाला. त्याचा इतिहास फोटोखालच्या ओळीत संपतो. "'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड लिहिलेत त्यांनी, बावीस!"

"उघडलायस का एक तरी?" नंदाताईंनी विचारलं. त्या मोडी शिकल्यात, त्यामुळे त्यांच्यापुढे फेकाफेक चालत नाही. "त्यात बहुतेक जुनी पत्रं आहेत, लोकांच्या घरांतल्या दप्तरांतली. गावोगाव फिरून मिळवलेली. पत्रावर नुसतं 'छ ५ रबिलावल' असतं. 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे तारीख, आणि पुढे हिजरी महिना. तेवढं कळलं, सालाचा पत्ता नाही. मग फौज कुठे होती, कोण कुठे मुक्कामाला होतं, हे मजकुरातून काढून साल बसवायचं. १८९८ च्या पहिल्या खंडात पानिपतापर्यंतची पत्रं त्यांनी अशी लावली. काही सालं चुकली, ती पुढच्यांनी दुरुस्त केली. कागदच छापलेले होते ना समोर!"

"आणि प्रभूंबद्दलचं?" आप्पा हटेनात.

"ते चूकच, आणि वाईटही. पण उघड छापलं म्हणून प्रबोधनकारांना मानगूट धरता आली. कागद दाबून बसणाऱ्याचं काय धरणार?"

आप्पा गप्प झाले. मला तर हे शंभर टक्के पटलं. मी पुढचं सांगितलं: ७ जुलै १९१० ला राजवाड्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांना घेऊन पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पुढे तिथेच बिनसलं आणि राजवाडे धुळ्याला गेले. ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. मागून धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं, आणि सदाशिव पेठेतलंही चालू राहिलं. संस्थापक रुसून गेल्यावरही दप्तरं जपणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

"म्हणजे भांडून बाहेर पडलं की आपल्या नावाने संस्था निघते?" बंड्या खुलला. "मग मीही सोडतो आपलं गणेश मंडळ!"

"खुशाल सोड," आप्पा म्हणाले, "पण गेल्या वर्षीचं पावतीपुस्तक देऊन जा."

"दुर्मीळ दप्तर आहे ते," नंदाताई म्हणाल्या. "साल माहीत आहे, रक्कम तेवढी लागत नाही!"

सगळे खो खो हसले. चहाचे पैसे बंड्याने मुकाट्याने दिले.