खरखर आली की सगळे व्हॉल्व्ह बदलायचे?

गणपती जवळ आले की नाशिकच्या वादकांमध्ये एक मेसेज फिरू लागतो: व्हॉल्व्हचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, गिटार अँप खरखरला म्हणजे व्हॉल्व्ह गेले. अख्खा सेट बदला, नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा, तरी आवाज थांबला नाही तर प्लगची अर्थिंगची पिन काढा. यातला पहिला सल्ला खिसा रिकामा करतो आणि शेवटचा जीव घेऊ शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘व्हॉल्व्ह गेले.’ जातात, नाही असं नाही. पण सगळे एकाच वेळी क्वचितच जातात. आज नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, आपल्याला ते आयात किमतीतच घ्यावे लागतात. त्याआधी फुकटातली तपासणी करा. गिटारची केबल काढा. व्हॉल्यूम शून्यावर आणा. खरखर गेली तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात, तशीच राहिली तर पुढच्या भागात. मग अँप बंद करून, व्हॉल्व्ह निवल्यावर, इनपुटजवळचा पहिला छोटा व्हॉल्व्ह काढा आणि पुन्हा चालू करून ऐका. स्पीकर मात्र जोडलेलाच हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही अँपमध्ये हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारा) सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात, तिथे एक काढला की दुसरेही विझतात आणि या चाचणीवरून काहीच ठरवता येत नाही.

समजा, पहिला व्हॉल्व्ह काढल्यावर शांतता झाली. बहुतेक जण इथेच निकाल देतात, आणि इथेच फसतात. व्हॉल्व्ह काढला की त्याच्या प्लेटला (व्हॉल्व्हमधून आवाज बाहेर नेणाऱ्या टोकाला) जोडलेल्या रेझिस्टरमधला करंटही थांबतो, म्हणजे दोन्ही संशयित एकदम गप्प होतात. त्यामुळे त्याच नंबरचा दुसरा व्हॉल्व्ह, उदाहरणार्थ दोन ईसीसी८३ (छोट्या व्हॉल्व्हचा एक नेहमीचा नंबर) असतील तर एकमेकांच्या जागी घालून बघा. खरखर व्हॉल्व्हबरोबर गेली तर व्हॉल्व्ह दोषी. जागेवरच राहिली तर सॉकेट, ड्राय सोल्डर (नीट न बसलेला सोल्डरचा जोड) किंवा तो प्लेट रेझिस्टर.

जुन्या अँपमध्ये हा रेझिस्टर कार्बन कॉम्पोझिशनचा, बहुधा १०० किलोओहमचा असतो. आत दाबून बसवलेले कार्बनचे कण असतात. त्याच्या दोन टोकांत शंभरेक व्होल्टचा फरक सतत राहतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि ओलाव्याने कणांमधला मार्ग बिघडतो, करंट उड्या मारू लागतो आणि पुढचे सगळे टप्पे तो आवाज मोठा करत नेतात. मीटर लावला तर तो नेमका १०० किलोओहम दाखवू शकतो, कारण मीटरचा व्होल्टेज अगदी कमी असतो. माझ्या मते हे ज्याला कळलं, त्याचे सेटचे पैसे वाचले. तिथे मेटल फिल्मचा एक वॅटचा रेझिस्टर लावला की काम भागतं, आणि तो काही रुपयांत मिळतो.

पेन्सिलने टकटक केल्यावर व्हॉल्व्ह वाजला म्हणून तो खराब, हेही बरोबर नाही. पहिला व्हॉल्व्ह थोडा वाजतोच. टिचकी मारताच तडतड उठली तर संशय घ्या, पण तीच तडतड सैल सॉकेटचीही असू शकते.

‘स्प्रे मारा.’ नॉब फिरवतानाच खरखर येत असेल तर जरूर मारा, अँप बंद असताना. हात न लावता येणाऱ्या खरखरीला स्प्रेचा काय उपयोग? आणि स्प्रे मारून काही दिवसांत ती परत आली तर नॉबच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर (आवाज पुढे सोडून डीसी व्होल्टेज अडवणारा) गळतोय, म्हणजे डीसी पुढे सोडतोय का, ते कारागिराकडून बघून घ्या. पॉटवर (नॉबच्या आतल्या भागावर) डीसी जवळजवळ शून्य असायला हवा.

पावसाळी हवेला दोष देणाऱ्यांचं म्हणणं काही अंशी खरं आहे. दमट हवेत सॉकेट आणि जुने रेझिस्टर जास्त त्रास देतात. पण ऊन पडेपर्यंत थांबल्याने बिघाड दुरुस्त होत नाही.

आता अर्थिंग. पिन काढल्याने कधीकधी सलग घुमणारा हम कमी होतो, खरखर नाही. आणि आत कुठे शॉर्ट झाला तर २३० व्होल्ट चॅसिसवर (अँपच्या धातूच्या सांगाड्यावर), तिथून गिटारच्या तारांवर येतील. वादकाचे ओठ माईकला लागलेले असतील तर काय होईल? पिन कधीही काढू नका. मंडपात अर्थिंग नसेल तर ते आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

शेवटचं, ‘प्लग काढला की आत हात घालायला हरकत नाही.’ हरकत आहे. अँपच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही ४०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. मीटरने मोजा, रेझिस्टरमधून उतरवा, पुन्हा मोजा. हे काम आधी केलेलं नसेल तर कव्हर उघडू नका. कोणत्या जागेवरची खरखर व्हॉल्व्ह बदलूनही गेली नाही, एवढं कारागिराला नेमकं सांगा.