माहेरही तेच, सासरही तेच

तला मी दॉ हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. चौदाव्या शतकातली मोन (दक्षिण ब्रह्मदेशातला एक समाज) राजकन्या, पेगूच्या (म्हणजे ब्रह्मदेशातल्या आजच्या बगोच्या) बिन्या ऊ राजाची मुलगी. नवरा राजाधिराज, मोन इतिहासातला सगळ्यांत नावाजलेला राजा. तिचा सावत्र भाऊही तोच. नाकं मुरडू नका, तिथल्या राजघराण्यांत ही रीत होती.

सुरुवात अगदी प्रेमकथेची. पोरवयात दोघं पळून गेली, सापडली. ज्या आत्याने त्याला आईविना वाढवलं, त्या महादेवीने भावाची समजूत घालून लग्न लावून दिलं. १३८४ मध्ये बाप वारला, सोळा वर्षांचा नवरा गादीवर बसला. पट्टराणी मात्र दुसरीच झाली.

आणि मग त्याने हिच्याकडचे दागिने काढून घेतले. वडिलांकडून आलेले.

मी इथेच अडकते. बाई रुसली तर माहेरी जाते. हिने जायचं कुठे? माहेर त्याच वाड्यात, आणि बापाच्या जागी दागिने काढून घेणारा बसलेला. तिने जीव दिला. पाठोपाठ त्याने पोटच्या मुलालाही, बॉ लॉ चान दॉला, मारवलं. पोर जेमतेम सात-आठ वर्षांचं. लोक राजाला संशयी म्हणून मोकळे होतात. मला त्यात हिशेब दिसतो. हा मुलगा बिन्या ऊच्या मुलाचा मुलगा आणि मुलीचाही मुलगा. दोन्हीकडून नातू! उद्या त्याच्याइतका पक्का वारसदार कोण असणार होता?

बखरी सांगतात, मरताना पोराने शपथ घेतली: मी निर्दोष असेन, तर शत्रूच्या, म्हणजे उत्तरेकडच्या आवा राज्याच्या राजघराण्यात जन्म घेऊन येईन. पुढे १३९१ मध्ये आवाला मिन्ये चॉस्वा जन्मला. तो पोटात असताना त्याच्या आईला डोहाळे लागले ते म्हणे मोन मुलखातल्या खाण्याचे! हाच चॉस्वा पुढे वर्षानुवर्षं राजाधिराजाशी लढला आणि १४१५ मध्ये डाला इथे, यांगोनच्या नदीपलीकडे, घायाळ होऊन त्याच्याच हाती सापडून मेला.

बखरकारांनी पोराला पुनर्जन्म दिला, सैन्य दिलं, वैऱ्याच्या सुनेचे डोहाळेसुद्धा टिपले. तला मी दॉला मात्र पुन्हा जन्माला घालावं असं एकालाही सुचलं नाही. ते दागिने पुढे कुणाच्या अंगावर गेले, तेही कुणी लिहिलं असेल तर मला सांगा.